गोमुख-तपोवन: पहिल्यांदाच हिमनदीच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला एक खोड असते. शनिवारी रात्री शेवटची एसटी पकडायची, पहाटे पायथ्याच्या गावात पोहे-चहा, दुपारच्या आत माथा, संध्याकाळी परतीची गाडी आणि सोमवारी सकाळी ऑफिसात हजर. किल्ल्यांवर हे सगळं शोभून दिसतं. हिमालयात मात्र हीच खोड सगळ्यात आधी आडवी येते, आणि उत्तराखंडातल्या गंगोत्रीहून गोमुख (हिमनदीचं मुख, भागीरथीचा उगम) आणि त्याच्या वरचं तपोवन हे कुरण, इकडे जाणाऱ्या वाटेवर तर हमखास.

साधा हिशोब बघा. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. गंगोत्री, म्हणजे जिथे तुम्ही गाडीतून उतरता ते ठिकाण, सुमारे ३,१०० मीटरवर आहे. अजून एक पाऊल चालला नाहीत आणि महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या जवळपास दुप्पट उंचीवर उभे आहात. तपोवन सुमारे ४,४६० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात त्याच प्रमाणात ऑक्सिजन कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण स्वतःच्या वेगाने. श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्त हळूहळू बदलतं. या कामाला काही रात्री जाव्या लागतात. तुम्ही दर रविवारी सिंहगड किती मिनिटांत चढता याच्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट तरणीबांड, दमदार मंडळी जोरात पुढे जातात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात, हे चित्र नेहमीचं.

म्हणून या लेखात बूट आणि सॅकच्या आधी सुट्टीचा विषय.

आधी सुट्टी मोजा

हा ट्रेक देहरादून ते देहरादून सात-आठ दिवसांत विकला जातो. जमतो का? अनेकांना जमतो. पण पहिल्यांदाच जात असाल तर डोंगरातले दहा दिवस धरा, वर एक-दोन दिवस राखीव, आणि महाराष्ट्रातून जाण्यायेण्याचे वेगळे. घरातून निघून घरी परत येईपर्यंत दोन आठवडे. एवढी सुट्टी मिळत नसेल तर तपोवन पुढच्या वर्षावर टाका आणि यंदा फक्त गोमुखापर्यंत जाऊन या. तोही पूर्ण ट्रेक आहे, त्यात कमीपणा काही नाही.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावरचा सर्वमान्य नियम असा: आज जिथे झोपलात त्यापेक्षा उद्याची झोपायची जागा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम. आता गंगोत्री ३,१००, वाटेतला मुक्काम भोजवासा सुमारे ३,८००, तपोवन ४,४६०. दोन्ही उड्या नियमाबाहेरच्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेत गंगोत्रीला एकच रात्र, दुसऱ्या दिवशी थेट भोजवासा आणि तिसऱ्या दिवशी तपोवन असं लिहिलेलं असेल, तर ती पत्रिका पैसे वाचवण्यासाठी बनवलेली आहे, तुमच्या फुप्फुसांसाठी नव्हे.

कधी जायचं

गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचं फाटक साधारण एप्रिलच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत उघडं असतं. गंगोत्रीचं देऊळ अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि दिवाळीतल्या अन्नकुटाला बंद होतं. या काळातले दोनच तुकडे कामाचे: मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

मे-जूनमध्ये ओढ्यांवर बर्फाचे पट्टे शिल्लक असतात, दिवस मोठा असतो, आणि खाली चारधामची तोबा गर्दी असते. शाळांना सुट्टी असल्याने मराठी कुटुंबं याच काळात जातात. मला विचाराल तर सप्टेंबरअखेर. हवा धुतल्यासारखी स्वच्छ, शिखरं दिवसभर उघडी, भोजपत्राची पानं पिवळी पडलेली. थंडी जास्त, पण थंडीला कपडे आहेत, ढगांना काही इलाज नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. कोणी कितीही सवलत दिली तरी. उत्तरकाशी ते गंगोत्री हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता भागीरथीच्या अरुंद खोऱ्यातून जातो आणि पावसात कुठे ना कुठे तुटतोच. ५ ऑगस्ट २०२५ रोजी हर्सिलजवळच्या धराली गावावर खीरगाड ओढ्यातून आलेला चिखल-दगडांचा लोंढा आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला आहे. तुमची गाडी त्याच गावातून जाते.

कोणाबरोबर जायचं

भोजवाशापर्यंतची वाट ठळक आहे, सोबतीला यात्रेकरूही असतात. तिथून पुढे तपोवनला मात्र वाटाड्याशिवाय जायचं नाही. एक तर परवानगीसाठी नोंदणीकृत संस्था आणि गाइड लागतो. दुसरं म्हणजे वाट दरवर्षी तीच नसते. पूर्वी गोमुखाच्या वरच्या अंगाने हिमनदी आडवी ओलांडून तपोवनाखाली पोहोचायचे. २०१६ साली मुखाचा मोठा भाग कोसळला, पुढच्या काळात तो भाग आणखी अस्थिर झाला, आणि आता बरेच गट भोजवाशालाच हाताने ओढायच्या ट्रॉलीतून भागीरथी ओलांडतात आणि पलीकडच्या काठाने वर जातात. या महिन्यात कुठली वाट चालू आहे, हे गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आलेल्या माणसालाच ठाऊक. डाउनलोड केलेला जीपीएस ट्रॅक इथे उपयोगाचा नाही, त्यातला दगडच जागेवर नसतो.

पुण्या-मुंबईच्या संस्था गट घेऊन जातात, उत्तरकाशी-देहरादूनच्या स्थानिक संस्थाही नेतात. मराठी संस्थेबरोबर गेलं तर सोबत आपली माणसं, भाषा आपली, आणि घरच्यांना धीर. स्थानिक संस्थेबरोबर पैसा त्या खोऱ्यात राहतो आणि गाइडला तिथली नस ठाऊक असते. मराठी संस्थेच्या गटातही डोंगरातला मुख्य गाइड बहुधा गढवालीच असतो. तेव्हा पैसे भरण्याआधी फोन करा आणि विचारा: किती जणांमागे एक गाइड? त्याने गिर्यारोहणाचे कोर्स केलेत का? (उत्तरकाशीतच १९६५ पासूनची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, त्यामुळे या भागात प्रशिक्षित माणसांची वानवा नाही.) ऑक्सिजनचं सिलिंडर तपोवनापर्यंत येतं की भोजवाशाला ठेवतात? एखादा आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरतं, आणि मग बाकीच्यांबरोबर कोण राहतं? हवामानामुळे तपोवन रद्द झालं तर काय? हमालांचा विमा आहे का?

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. हमालांबद्दल जो आयोजक अडखळतो तो तुमच्याबद्दलही तयारीत नसतो, असा माझा अनुभव आहे. आणि ‘शंभर टक्के तपोवन करून देतो’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

परवाने

उद्यानात रोज जास्तीत जास्त १५० जणांनाच सोडतात. परवाना वन विभाग देतो. संस्थेबरोबर असाल तर ते काम संस्थेचं, पण तुमच्या आधारकार्डाच्या प्रती, फोटो आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला तुम्हीच वेळेवर द्यायचा. दाखला ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता घेऊ नका. रक्तदाब, दमा, हृदयाचा पूर्वीचा त्रास यांबद्दल खरंच बोलून घ्या. यात्रेच्या हंगामात गंगोत्रीला जाण्यासाठी राज्य सरकारच्या पोर्टलवर चारधाम नोंदणीही लागते, ट्रेकरलासुद्धा. ती विसरल्यामुळे रस्त्यातच अडकलेले गट दिसतात.

गंगोत्रीहून दोनेक किलोमीटरवर कनखू नावाचा नाका आहे. तिथे परवाना बघतात, सॅक उघडायला लावतात, प्लास्टिकच्या वस्तू नोंदवून घेतात. बिस्किटांचे पुडे घरीच फोडून कापडी पिशवीत भरले असतील तर तुमचा अर्धा तास वाचेल.

तीन महिने आधी

दम वाढवला की उंचीचा त्रास टळतो, असं नाही. पण दम नसेल तर दुसरंच होतं: दमलेला माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही, आणि मग उंची त्याला गाठते. म्हणून तयारी हवी. आठवड्यातून चार दिवस जिने किंवा टेकडी, त्यातले दोन दिवस पाठीवर आठ-दहा किलो घेऊन. पुणेकरांना पर्वती, सिंहगड. मुंबईकरांना इमारतीचा जिना आणि महिन्यातून एकदा राजमाची किंवा भीमाशंकर. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस चालायचा एक ट्रेक करा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते एका दिवसाच्या ट्रेकमध्ये कळत नाही. चढण्याइतकंच उतरण्यावर लक्ष द्या. तपोवनाची उतरण मांड्यांचा जीव काढते.

सामान

बूट घोट्यापर्यंतचे आणि पाणी आत न येऊ देणारे. आपल्याकडच्या कातळावर धावायचे स्वस्त आणि मस्त बूट इथे अपुरे पडतात, कारण सुटे दगड घोट्याला लागतात आणि पहाटे ओढ्याकाठचं पाणी गोठलेलं असतं. नवे बूट घेतले तर किमान पन्नासेक किलोमीटर घालून मगच न्या. उत्तरकाशीच्या बाजारात पहिल्यांदा पायात घातलेले बूट वाटेतल्या पहिल्याच मुक्कामी, चिरबाशाला, फोड देतात.

कपडे थराथराने. आत घाम सुकवणारा बनियन, त्यावर लोकर किंवा फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं पातळ जाकीट. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी. रात्री तपोवनावर पारा शून्याखाली जातो, ऑक्टोबरात बराच खाली. कानटोपी, दोन जोड हातमोजे, झोपायचे कोरडे मोजे वेगळे ठेवलेले. हे कोरडे मोजे दिवसा घालायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी.

अतिनील किरणं अडवणारा काळा चष्मा चैनीत धरू नका. बर्फावरचं ऊन डोळे भाजतं आणि ते रात्री कळतं. हेडलॅम्प, सनस्क्रीन, ओठांना मलम, दोन बाटल्या, चालायच्या काठ्या. रात्री एका बाटलीत उकळतं पाणी भरून ती स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पाय गरम राहतात आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी मिळतं. पॉवरबँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही आतच, थंडीत त्या बसतात. प्लास्टिकची साधी बाटली नको, धातूची किंवा उकळतं पाणी सोसणारी हवी.

कापराची पुडी बरेच मराठी गट बरोबर ठेवतात, हुंगायला. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, मनालाही बरं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. कापूर आहे म्हणून कोणी डोकेदुखी लपवू नये, एवढंच.

सॅक हमालाकडे देणं म्हणजे हार नव्हे. पहिल्या वेळी मोठी सॅक द्याच, आणि पाठीवर पाणी, जाकीट, खाऊ, औषधं एवढंच घ्या. मात्र दिलेली सॅक ठरलेल्या वजनात बसली पाहिजे. हमाल तुमच्या चार जास्तीच्या जीन्स वाहायला आलेला नाही.

रोजचा प्रवास

मुंबईहून हरिद्वारला थेट रेल्वे आहे. पुणेकर बहुधा दिल्लीमार्गे जातात. विमानाने आलात तर देहरादूनचा जॉलीग्रँट विमानतळ. पहिल्या दिवशी थेट गंगोत्री गाठायचा अट्टहास नको. उत्तरकाशीला थांबा, ते ११५० मीटरच्या आसपास आहे. तिथे कागदपत्रं होतात, राहिलेलं सामान भाड्याने मिळतं.

दुसऱ्या दिवशी भटवाडी, गंगनानी, सुक्खी टॉप, हर्सिल, लंका अशी वळणं घेत गंगोत्री. हर्सिलची सफरचंदं आणि राजमा प्रसिद्ध आहेत. परतीला घ्या, आत्ता ओझं नको.

तिसरा दिवस गंगोत्रीतच. या दिवसावरून गटात कुरकुर होतेच: ‘इथे नुसतं बसून काय करायचं?’ बसायचं नाही. सकाळी सूर्यकुंडाचा धबधबा बघा, मग पांडव गुंफेपर्यंत किंवा कनखूच्या दिशेने तासभर चढून या आणि खाली येऊन झोपा. उंच जाऊन खाली झोपणं हेच सगळ्यात स्वस्त औषध. संध्याकाळी घाटावर आरती असते.

चौथ्या दिवशी गंगोत्री ते चिरबासा, नऊ किलोमीटर. वाट रुंद, चढ मवाळ, डाव्या हाताला कडा आणि उजवीकडे खाली भागीरथी. ओढ्यांवर लाकडी ओंडक्यांचे पूल आहेत, ते एकेकाने ओलांडायचे, पुलावर थांबून फोटो नको. चिरबासा साडेतीन हजारांच्या थोडं वर, पाइन झाडांच्या सोबतीत. पुढे झाडी संपत जाते. काही आयोजक इथे तंबू टाकतात, काही थेट भोजवाशाला नेतात. इथे मुक्काम असलेला कार्यक्रम निवडा.

पाचव्या दिवशी फक्त पाच किलोमीटर, पण याच पट्ट्यात गीला पहाड लागतो. सुटी माती आणि दगडांचा उतार, वरून कधीही धोंडा येतो. दुपारी वारा सुटला की जास्त येतात, आणि वर भरल, म्हणजे निळ्या मेंढ्यांचा कळप चरत असेल तर त्यांच्या खुरांनीही सुटतात. इथले नियम साधे आहेत: सकाळी लवकर पार करायचं, कानातले इअरफोन काढायचे, अंतर ठेवून चालायचं, मध्ये थांबायचं नाही. गाइड वर बघत उभा राहील आणि हात करेल तेव्हाच निघायचं. भरलांचा फोटो पलीकडे जाऊन काढा.

भोजवासा म्हणजे उघडं, वाऱ्याचं पठार. गढवाल मंडळाचं विश्रामगृह, साधूंचा आश्रम, काही तंबू. एकेकाळी इथे भोजपत्राचं रान होतं, यात्रेकरूंच्या चुलींनी ते संपवलं. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी नव्वदच्या दशकापासून इथे पुन्हा लागवड केली, त्या कुंपणातली झाडं बघायला मिळतात. समोर भागीरथी शिखरांचं त्रिकूट उभं असतं. त्यातलं सर्वात उंच ६,८५६ मीटर.

सहाव्या दिवशी चार किलोमीटरवरच्या गोमुखाला जाऊन परत भोजवाशालाच झोपायचं. पुन्हा तेच, उंच जा आणि खाली या. गोमुख पाहून काहींचा हिरमोड होतो, कारण डोळ्यांत पांढराशुभ्र बर्फ असतो आणि समोर दिसते दगड-मातीने झाकलेली राखाडी भिंत, जिच्या खालून गढूळ पाणी उसळत बाहेर पडतं. गंगोत्री हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे आणि तिच्या खालच्या भागाच्या पाठीवर बाजूच्या डोंगरांनी टाकलेला मलबा पसरलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडन यांनी १९३५ मध्ये या मुखाचा नकाशा केला होता. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलं आहे. मुखाजवळ जाऊ नका. बर्फाचे घराएवढाले तुकडे सूचना न देता सुटतात. गंगाजल भरायचं असेल तर गाइड दाखवेल तिथून, खालच्या अंगाला भरा.

सातवा दिवस तपोवनाचा. पहाटे निघायचं. ट्रॉलीपाशी रांग लागू शकते, आणि दोर ओढायला आपल्याच गटातले हात लागतात, हातमोजे घाला. बसताना सॅक मांडीवर, बोटं चाकापासून लांब. पलीकडे गेल्यावर मोरेनचं राज्य सुरू होतं. मोरेन म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडधोंड्यांचा ढिगारा. महापालिकेने रस्ता खोदून खडी टाकावी आणि चार वर्षं तशीच ठेवावी, तसं हे दृश्य, फक्त खडी फ्रिजएवढी. कुठे दगडाखाली माती असते, कुठे थेट बर्फ. काळपट ओलसर चकाकी दिसली की तिथे बर्फ आहे असं समजा आणि पाय टाकू नका. मोठा दगड पक्का असतो हा सह्याद्रीतला विश्वास इथे सोडून द्यायचा. इथे खोलीएवढा धोंडाही डुलतो, कारण त्याच्या खालचा बर्फ रोज वितळतो आहे. आधी काठीने टोचा, मग वजन टाका, आणि गाइडच्या पावलावर पाऊल. त्याने वळसा घेतला तर तुम्हीही घ्या, सरळ वाट मोकळी दिसली तरी. मोकळ्या दिसणाऱ्या बर्फाखाली भेग असू शकते.

शेवटची चढण आकाशगंगा ओढ्याच्या बाजूने, अंगावर येणारी. सुटी माती, सुटे दगड, हाताचा आधार घ्यावा लागतो. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला तर खालच्याला लागतो, म्हणून एकाच रेषेत एकाखाली एक थांबायचं नाही. दगड सुटला की जोरात ओरडायचं. ऊन चढल्यावर बर्फाने धरलेले दगड मोकळे होतात आणि ओढ्यांचं पाणीही दुपारनंतर वाढतं. पहाटे निघण्याचं कारण हेच. गाइडला तुमची झोप मोडायची हौस नसते.

वेग काय ठेवायचा? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटले की वेग जास्त झाला. गढवाली गाइड ‘आराम से, आराम से’ म्हणत पुढे चालत असतो आणि आपल्याला वाटतं हा उगाच रेंगाळतोय. त्याला मागे टाकू नका.

मग माथ्यावरून डोकं वर काढलं की एकदम सपाट कुरण, मधून वाहणारा ओढा, आणि समोर शिवलिंग. ६,५४३ मीटरचं हे शिखर १९७४ मध्ये भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या चमूने पहिल्यांदा सर केलं. त्याच्या बाजूला मेरू. पलीकडे, हिमनदीच्या पार, भागीरथी शिखरं आता अगदी समोरासमोर.

आठवा दिवस इथेच. मेरूच्या दिशेने किंवा शिवलिंगाच्या तळछावणीकडे दोन-तीन तास फिरून या. काही गट पोहोचले त्याच्या दुसऱ्या सकाळी उतरतात. इतक्या लांब येऊन तपोवन फक्त थकलेल्या डोळ्यांनी बघणं मला पटत नाही. नवव्या दिवशी भोजवासा किंवा चिरबासा, दहाव्या दिवशी गंगोत्री.

विरळ हवेचा त्रास

हा भाग घाईत वाचू नका. उंचीवरच्या आजाराचं पहिलं लक्षण डोकेदुखी, तिच्यासोबत मळमळ, जेवण नकोसं होणं, चक्कर, झोप न लागणं. असं झालं तर ते ‘ऊन लागलं’ किंवा ‘बसचं जेवण बाधलं’ नाही, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती उंचीच आहे. उपाय असा: आणखी वर जायचं नाही. तिथेच थांबायचं, पाणी, विश्रांती, डोकेदुखीची गोळी. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुढे. वाढलं तर खाली.

दोन गोष्टी मात्र थांबण्याच्या नाहीत. स्वस्थ बसल्यावरही धाप लागते, कोरडा खोकला थांबत नाही, थुंकीत गुलाबी फेस येतो, म्हणजे फुप्फुसात पाणी. किंवा माणूस असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या जातात, सरळ रेषेवर टाच-चवडा लावून चालता येत नाही, म्हणजे मेंदूला सूज. दोन्हींत ऑक्सिजन लावून ताबडतोब खाली न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आता तपोवनाचा पेच लक्षात घ्या. वरची चढण आठवा. ती अंधारात आजारी माणसाला घेऊन उतरण्याची जागा नव्हे. म्हणून दुपारी दोन वाजता डोकं दुखत असेल तर दुपारी दोन वाजताच सांगायचं, रात्री दहाला नाही. गटाचा खोळंबा होईल, लोक हसतील, पैसे वाया जातील, या विचाराने मराठी माणूस गप्प बसतो. भोजवाशाला गाइड रोज संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावतो. त्या आकड्याशी शर्यत लावू नका, शेजाऱ्याचा ८८ आणि तुमचा ८३ म्हणून खचू नका. आकड्यापेक्षा लक्षणं महत्त्वाची, आणि ती फक्त तुम्हालाच कळतात.

डायमॉक्स ही गोळी अनेकजण घेतात. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं डॉक्टर सुचवतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर जपून, आणि घरीच एकदा घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते अपेक्षित आहे. गोळी जुळवून घ्यायला मदत करते, चुकीचा कार्यक्रम दुरुस्त करत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य.

हेलिकॉप्टर येईल या भरवशावर राहू नका. ते हवामानावर आणि सरकारी यंत्रणेवर अवलंबून असतं. विमा घ्याच, पण पॉलिसीत किती उंचीपर्यंतचा ट्रेक धरला आहे ते वाचा. बऱ्याच पॉलिसी तपोवनाच्या खालीच थांबतात.

खाणं, आडोसा, बाकीचं

उंचीवर भूक मरते. किचन टेंटमधलं वरण-भात-पोळी चांगलं असतं, पण तिसऱ्या दिवशी घास फिरतो. तेव्हा मेतकूट नेलं असेल तर मऊ भात, तूप आणि मेतकूट खाली उतरतं. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, डिंकाचे लाडू, थोडं लोणचं. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, एकदम नाही, घोटाघोटाने. पाणी उकळलेलंच प्या. उगमाचं असलं तरी त्यात खेचरांची आणि माणसांची घाण असू शकते.

शौचाला टॉयलेट टेंट असतो, नसला तर ओढ्यापासून लांब खड्डा खणून. ओले वाइप्स आणि पॅड पुरायचे नाहीत, जाड पिशवीत बांधून खाली आणायचे. मुलींनी तारखेवरून ट्रेक रद्द करायची गरज नाही, थंडी आणि श्रमाने तारीख तशीही पुढेमागे होते, सामान जवळ असू द्या.

गंगोत्रीनंतर मोबाइलची रेंज धरून चालू नका. घरी सांगून ठेवा की पाच-सहा दिवस फोन येणार नाही, आणि संस्थेचा नंबर द्या. नाहीतर तुम्ही शिवलिंगाकडे बघत बसलेले असता आणि इकडे सांगलीत काकू पोलिसांना फोन करत असतात.

परतल्यावर गाइड, स्वयंपाकी, हमाल यांना बक्षिसी द्यायची पद्धत आहे. गटाने मिळून, सगळ्यांच्या देखत, हमालांच्या हातात वेगळी द्या. एकाकडेच गठ्ठा दिला तर तो शेवटच्या माणसापर्यंत पुरेसा पोहोचतो असं नाही. रोख पैसे उत्तरकाशीतूनच काढून न्या.

आणि परतीचं तिकीट गंगोत्रीला पोहोचायच्या दिवसानंतर निदान दोन दिवसांनी काढा. रात्री डोंगरात टॅक्सीवाले गाडी चालवत नाहीत, आणि रस्ता बंद झाला तर तो केव्हा उघडेल हे कोणालाच सांगता येत नाही. सगळं सुरळीत झालं तर उरलेला दिवस हर्सिलला काढा. राजमा तेव्हा घ्यायचा.